भेदलेले हृदय : रामश्टाइन, १९८८

पश्चिम जर्मनीतील कैझर्सलाउटर्न शहराजवळ असलेल्या रामश्टाइन या अमेरिकी हवाई तळावर २८ ऑगस्ट १९८८ रोजी, रविवारी दुपारी, इटालियन हवाई दलाच्या ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ या कसरतपथकाची तीन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. तळ त्या दिवशी सर्वसामान्यांसाठी खुला होता आणि सुमारे तीन लाख लोक कार्यक्रम पाहायला जमले होते. धडकेनंतर एक विमान जळत जळत थेट प्रेक्षकांत घुसले. तिन्ही वैमानिक आणि जमिनीवरचे ६७ जण, असे एकूण ७० लोक मरण पावले. त्यांतले कित्येक पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत रुग्णालयांत भाजल्याच्या जखमांनी गेले. जखमींची संख्या शेकड्यांत होती.

एका वैमानिकाची चूक, असा या घटनेचा निर्वाळा चौकशीने दिला आणि तो खोटा नाही. तरीही प्रकरण तिथे मिटवले तर त्यातले शिकण्यासारखे बरेचसे हातातून निसटते. लष्करी जेट विमानांची कसरतपथके १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्या रीतीने बदलत गेली, त्या बदलाचा कोणता भाग त्या दुपारी तुटला, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे की, पंखाला पंख लावून उडण्याची मूळ विद्या तिथे शाबूत होती. तुटला तो नंतरच्या काळात तिच्यावर चढवलेला मजला, म्हणजे वेगळे होऊन ठरल्या क्षणी पुन्हा एकाच बिंदूवर येण्याचा भाग. आणि हानी एवढी मोठी झाली ती या बिंदूच्या पुढे, विमानाच्या वेगाच्याच दिशेत, माणसे उभी होती म्हणून.

पथक आणि त्याची परंपरा

इटलीत हवाई कसरतींची परंपरा जुनी आहे. उदिने शहराजवळच्या कांपोफोर्मिदो येथे १९३० मध्येच सामूहिक कसरतींचे शिक्षण सुरू झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात, निरनिराळ्या लढाऊ तुकड्या आळीपाळीने आपापले पथक उभे करीत. एका तुकडीची पाळी संपली की दुसरी पुढे येई. यात उत्साह होता, पण युद्धासाठी तयार असायला हवे अशा तुकडीचा मोठा वेळ प्रात्यक्षिकांच्या सरावात जाई आणि कमावलेले कौशल्य दरवेळी विखरून जाई. म्हणून १९६१ मध्ये रिवोल्तो तळावर कायमचे पथक स्थापन करण्यात आले. त्याने आधी सेबर, मग फियाट जी-९१ आणि १९८२ पासून एरमाकी एमबी-३३९ ही विमाने वापरली. दहा विमानांचे हे पथक जगातल्या मोठ्या पथकांपैकी एक. नऊ विमाने रचनेत असतात आणि दहावे एकट्याने उडते. रेडिओवर प्रत्येकाची ओळख ‘पोनी’ आणि त्यापुढे आकडा अशी. पोनी १ म्हणजे लीडर, पोनी १० म्हणजे सोलो.

याच सुमारास ब्रिटनमध्येही हेच घडत होते. तिथे १९५८ साली फार्नबरोच्या प्रदर्शनात १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या ‘ब्लॅक ॲरोज’ पथकाने २२ हंटर या लढाऊ जेट विमानांची एकत्र लूप, म्हणजे आकाशातले उभे पूर्ण वर्तुळ, काढून दाखवली. त्यासाठी इतर स्क्वाड्रनांकडून विमाने मागून आणावी लागली होती. तो आकडा नंतर कोणी गाठला नाही आणि गाठण्याची गरजही उरली नाही. हवाई दलाच्या नेतृत्वाला लढाऊ स्क्वाड्रनांचा इतका वेळ खर्ची घालणे परवडेनासे झाले. १९६५ मध्ये ‘रेड ॲरोज’ हे स्वतंत्र पथक सात नॅट प्रशिक्षण विमानांवर सुरू झाले आणि १९६८ पासून ते नऊ विमानांचे झाले.

लढाऊ विमानाऐवजी प्रशिक्षण विमान, हा बदल वरवर काटकसरीचा वाटतो. मला मात्र यातले भौतिक कारण अधिक महत्त्वाचे वाटते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला आणि वैमानिकावर येणारा जोर तेवढाच ठेवला, तर वळण चौपट मोठे होते. वेगवान लढाऊ विमान एकदा समोरून गेले की वळून येईपर्यंत प्रेक्षकांसमोरचे आकाश रिकामे राहते. हलके, मंद विमान लवकर परतते. फ्रान्सचे पथक फूगा माजिस्तेर आणि पुढे अल्फा जेटवर गेले, ब्रिटनचे नॅटवरून हॉकवर, आपले सूर्यकिरण १९९६ मध्ये बिदरला किरण विमानांवर उभे राहिले, त्यामागे खर्चाबरोबर हाही हिशेब होताच. अमेरिकी हवाई दलाचे थंडरबर्ड्स आणि नौदलाचे ब्लू एंजल्स यांनी मात्र लढाऊ विमानांचा हट्ट बहुतेक काळ सोडला नाही.

नजरेचे अंतर आणि घड्याळाचे अंतर

रचनेत उडणारा वैमानिक जमीन, क्षितिज किंवा स्वतःचे बहुतेक डायल पाहत नाही. तो लीडरचे विमान पाहतो. त्या विमानावरच्या दोन खुणा, समजा पंखाच्या टोकाचा दिवा आणि धडावरचे एखादे चिन्ह, आपल्या नजरेत एका रेषेत धरायच्या. रेष मोडू लागली की काठी केसाएवढी हलवायची, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल किंचित पुढे-मागे करायचा. हे प्रत्येक सेकंदाला चालू असते. लीडर आपले पुढचे पाऊल रेडिओवर लांबवलेल्या, ठेक्याच्या आवाजात सांगतो, जेणेकरून सगळ्यांचे हात एकाच वेळी हलावेत. वळणाच्या बाहेरच्या विमानाला जास्त अंतर कापायचे असते आणि आतल्याला कमी, म्हणून लीडर स्वतः कधीच पूर्ण ताकद लावत नाही. बाहेरच्याला गाठता यावे एवढी शिल्लक तो ठेवतो. पंख्याच्या विमानात थ्रॉटल मागे घेतला की पंखाच ब्रेकचे काम करीत असे. जेटमध्ये ती सोय गेली, आणि सुरुवातीची जेट इंजिने हुकमाला उशिरा प्रतिसाद देत, त्यामुळे वैमानिकाला चूक होण्याआधीच ती ओळखून सुधारायला शिकावे लागले. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या रचनेत मागच्या टोकाला, लीडरच्या मागे आणि थोडे खाली उडणाऱ्याची जागा तर अशी की, थंडरबर्ड्सच्या एफ-१०० विमानांच्या काळात त्या विमानाची शेपटी पुढच्यांच्या धुराने काळी पडे आणि ती काळी शेपटी अभिमानाने तशीच मिरवली जाई.

या पद्धतीतले अंतर नजरेने राखलेले असते. ते सतत मोजले जाते आणि सतत दुरुस्त होते, त्यामुळे पाहणाऱ्याला अत्यंत धोकादायक वाटणारी ही जवळीक प्रत्यक्षात बरीच स्थिर असते. शेजारच्या दोन विमानांच्या वेगांत जवळजवळ फरक नसतो. चूक झाली तरी ती हळू वाढते आणि सुधारायला वेळ मिळतो. तिची कमजोरी दुसरीकडे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी नेवाडातील इंडियन स्प्रिंग्ज येथे थंडरबर्ड्सची चार टी-३८ विमाने शेजारी शेजारी राहून लूप काढताना एकापाठोपाठ जमिनीवर आदळली आणि चारही वैमानिक गेले. अमेरिकी हवाई दलाच्या चौकशीने लीडरच्या विमानाच्या नियंत्रणयंत्रणेतील बिघाडाकडे बोट दाखवले. बाकी तिघांनी आपली जागा शेवटपर्यंत सोडली नाही. शिस्त इतकी पक्की होती की तीच मृत्यूला कारण झाली. रामश्टाइनचे प्रकरण याच्या अगदी उलट टोकाला आहे, म्हणून ही आठवण इथे आवश्यक वाटते.

पथकांतली विमाने कमी झाली तसा कार्यक्रमाचा ढाचा बदलला. बावीस विमानांचा थवा नुसता समोरून गेला तरी लोक भारावून जात. सहा, सात किंवा नऊ विमानांनी वीस-पंचवीस मिनिटे लोकांना खिळवून ठेवायचे तर आकाश रिकामे राहू द्यायचे नाही, हा नियमच झाला. मग पथक मध्येच दोन गटांत फुटू लागले. एक गट वळून येत असताना दुसरा समोर असे. त्यातून पुढची पायरी आली, ती म्हणजे दोन गटांनी किंवा दोन सोलो विमानांनी समोरासमोर येऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे एकमेकांना ओलांडणे.

इथे अंतराची जातच बदलते. लेझीमच्या रांगेत माणूस शेजाऱ्याकडे पाहून पाऊल सांभाळतो, पण दोन रांगा एकमेकींतून पार होतात तेव्हा शेजारी पाहून भागत नाही, हलगीच्या ठेक्यावर भिस्त ठेवावी लागते. हवेतही तसेच. समोरून येणारे विमान शेवटच्या दोन-तीन सेकंदांपर्यंत एक ठिपका असते. दोघांचा वेग ताशी ६०० किलोमीटर धरला तर ती सेकंदाला सुमारे ३३३ मीटरने जवळ येतात. सेकंदाच्या दहाव्या भागात ३३ मीटर, म्हणजे एमबी-३३९ च्या लांबीच्या तिप्पट. नजरेने राखलेल्या अंतरात चूक हळू वाढते. इथे ती वाढत असल्याचे कळते तेव्हा सुधारण्याची संधी बहुधा निघून गेलेली असते. म्हणून अशा आकृतीत सुरक्षितता आधीच रचून ठेवावी लागते. दोघांच्या वाटांमध्ये आडवे अंतर ठेवायचे, ज्याने आपली रेघ सोडायची नाही आणि ज्याने अंतर जपायचे ते आधी ठरवायचे, आणि ओलांडण्याचा भास घडवण्याचे काम प्रेक्षकांच्या दृष्टिकोनावर सोपवायचे. जमिनीवरून पाहणाऱ्याला वेगवेगळ्या अंतरावरची दोन विमाने एकमेकांना घासून गेल्यासारखी दिसतात. चांगल्या पथकाच्या ‘जीवघेण्या’ वाटणाऱ्या भेटींतला बराचसा थरार असा डोळ्यांचा असतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

त्या दुपारी

पथकाची त्या दिवशीची आकृती ‘कार्दिओइदे’ म्हणजे हृदयाकृती होती. बाणाने भेदलेले हृदय म्हणून ती ओळखली जाई. नऊ विमाने एकत्र वर चढत, वरच्या टोकाला पाच आणि चार अशी दोन गटांत विभागत आणि दोन बाजूंनी खाली येत धुराने हृदयाच्या दोन कडा रेखाटत. खाली येऊन दोन्ही गट धावपट्टीला समांतर, एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जात एकमेकांना ओलांडत. तेवढ्या वेळात सोलो आपली वेगळी लूप पूर्ण करून मागच्या बाजूने येई आणि गट पार झाल्यावर त्या ओलांडणीच्या जागेतून, धावपट्टीला काटकोनात, प्रेक्षकांच्या दिशेने निघून जाई. हृदय, आणि त्यातून आरपार गेलेला बाण.

या आकृतीत तीन घटक एका बिंदूकडे येतात आणि त्यांतला एक बाकी दोघांच्या वाटेला आडवा असतो. समोरासमोरच्या दोन गटांमध्ये आडवे अंतर ठेवता येते. काटकोनात येणाऱ्याची वाट मात्र दोन्ही गटांच्या वाटांना छेदतेच, त्यामुळे त्याच्यापुरते आडवे अंतर नावाची गोष्टच उरत नाही; उरतात ती उंची आणि वेळ. दोन्ही राखण्याचा भार त्या एकट्यावर. तो लूपच्या उतरत्या भागात असतो, वेग वाढत असतो, आणि गटांची जागा पाहून आपली वाट कमी-जास्त करायला त्याच्याकडे मोजके सेकंद असतात.

सोलो होते लेफ्टनंट कर्नल ईवो नुतारेल्ली, अत्यंत अनुभवी वैमानिक. पावणेचारच्या सुमारास त्यांचे विमान ओलांडणीच्या जागी लवकर आणि खालून पोचले. उंची जेमतेम ४०-५० मीटर होती. त्यांच्या विमानाचे नाक डाव्या गटाचे लीडर लेफ्टनंट कर्नल मारिओ नाल्दिनी यांच्या शेपटीवर आदळले. नाल्दिनींचे विमान गरगरत शेजारच्या पोनी २ वर, कॅप्टन जोर्जो आलेस्सिओ यांच्या विमानावर गेले. आलेस्सिओंचे विमान धावपट्टीलगत पडले. नाल्दिनींचे विमान धावपट्टीच्या बाजूला उभ्या असलेल्या रुग्णवाहू हेलिकॉप्टरवर कोसळले. तातडीच्या मदतीसाठीच ठेवलेल्या त्या हेलिकॉप्टरचा वैमानिक भाजून पुढे काही आठवड्यांनी वारला. नाल्दिनी विमानातून बाहेर फेकले गेले, पण पॅराशूट उघडायला उंचीच नव्हती. पोनी १० आगीचा लोळ होऊन धावपट्टीवर आपटले आणि ज्या दिशेने येत होते त्याच दिशेने घसरत कुंपणाच्या तारा तोडून गर्दीत शिरले. आइस्क्रीम विकणाऱ्या एका गाडीच्या आसपास, म्हणजे उन्हाच्या दुपारी मुलाबाळांची गर्दी हमखास असेल अशा ठिकाणी, ते थांबले. धडक आणि आग यांच्यामधला वेळ एवढा थोडा होता की अनेकांना पळायला वळताही आले नाही. उरलेली सात विमाने पुन्हा एकत्र आली आणि जवळच्या झेम्बाख तळावर उतरली.

सोलोचा वेग आणि उंची चुकली, एवढे निश्चित आहे. इटलीत या घटनेभोवती दुसरेच एक कथानक वाढले. नाल्दिनी आणि नुतारेल्ली हे दोघे २७ जून १९८० च्या संध्याकाळी ग्रोसेतो तळावरून उड्डाणावर होते, आणि त्याच संध्याकाळी उस्तिका बेटाजवळ एक प्रवासी डीसी-९ विमान ८१ जणांसह समुद्रात कोसळले होते. तेव्हा रामश्टाइनला साक्षीदार संपवले गेले, असा तो तर्क. या प्रकरणाच्या अभ्यासात मला त्याला जागा दिसत नाही. सेकंदाच्या अंशावर तोललेली आकृती बिघडण्यासाठी कटाची गरज पडत नाही.

ही आकृती तिथे उडवता कशी आली?

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. वेगाने जाणारे विमान प्रेक्षकांच्या दिशेने येऊ नये, ही अक्कल १९८८ मध्ये नवी नव्हती. ती दोन देशांनी छत्तीस-सदतीस वर्षे आधी मोठी किंमत देऊन विकत घेतली होती.

अमेरिकेत कोलोरॅडोमधील फ्लॅग्लर या लहान गावी १५ सप्टेंबर १९५१ रोजी खाली उतरून कसरती करणारे विमान लोकांत कोसळले आणि वैमानिकासह २० जण मेले. त्यांत मुले अधिक होती. त्यानंतर अमेरिकेत कसरतींचा जोर प्रेक्षकांकडे वळवण्यास बंदी आली आणि प्रेक्षकांपासून ठरावीक अंतरावरची ‘प्रात्यक्षिक रेषा’ पक्की होत गेली. पुढे स्थिरावलेल्या अमेरिकी नियमांत वेगवान जेटसाठी हे अंतर १,५०० फूट आहे. ब्रिटनमध्ये ६ सप्टेंबर १९५२ रोजी फार्नबरोला डीएच-११० हे नमुना विमान हवेत फुटले. वैमानिक जॉन डेरी, त्यांचे निरीक्षक टोनी रिचर्ड्स आणि २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तुटलेले इंजिन वेगाच्या दिशेने तसेच पुढे जाऊन टेकडीवरच्या गर्दीत पडले होते. त्या काळाची रीत अशी की, धावपट्टीवरचे अवशेष बाजूला होताच दुसरे वैमानिक नेव्हिल ड्यूक हंटर घेऊन वर गेले आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. पण त्यानंतर ब्रिटननेही प्रेक्षकांच्या दिशेने वेगात येण्यावर आणि त्यांच्या डोक्यावरून कसरती करण्यावर कडक बंधने घातली.

रामश्टाइनचा तळ अमेरिकी, कार्यक्रमाचे यजमान अमेरिकी, आणि तरीही अमेरिकेत त्यांना चालली नसती अशी आकृती तिथे झाली. अमेरिकेतले नागरी उड्डाणाचे नियम अमेरिकेच्या भूमीपुरते होते. तळ जर्मन भूमीवर होता. पाहुणे पथक इटालियन होते आणि ते आपला नेहमीचा, अनेक देशांत अनेकदा वाखाणला गेलेला कार्यक्रम करीत होते. तिन्ही बाजूंनी बेजबाबदारपणा केला असे म्हणणे सोपे आहे. कागदावर पाहिले तर प्रत्येकाची जबाबदारी आपल्या कुंपणापाशी संपत होती आणि ती आकृती नेमकी त्या कुंपणांच्या मधल्या जागेत बसत होती. नियम एका देशात रक्ताने लिहिला गेला तरी दुसऱ्या देशात तो कोराच असतो, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे. रामश्टाइननंतर चौदा वर्षांनी, २७ जुलै २००२ रोजी, युक्रेनमधील ल्विव्हजवळच्या स्कनिलिव्ह तळावर कसरती करणारे एसयू-२७ गर्दीत घुसले आणि ७७ जण मेले. तिथले दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले.

सोलोच्या जागी दुसरा कोणी असता तर हा अपघात टळला असता का? त्या दिवशी कदाचित टळला असता. पण एका माणसाच्या एका सेकंदावर उभी असलेली आकृती वर्षाला कित्येक वेळा उडवायची म्हटल्यावर ‘टळला असता’ या उत्तराला फार अर्थ उरत नाही. शिवाय धडक होणे आणि प्रेक्षक मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हीच तीन विमाने धावपट्टीला समांतर जाताना आदळली असती, तर त्यांचे जळते तुकडे बहुतांशी धावपट्टीच्याच दिशेने फेकले गेले असते.

मदतकार्याविषयी थोडे

मदतीच्या गोंधळावर जर्मनीत बरेच लिहिले गेले आहे. अमेरिकी पद्धत जखमींना उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेण्याची, तर जर्मन पद्धत जागेवरच डॉक्टरांनी स्थिर करून मग हलवण्याची. दोन्ही एकाच मैदानावर, एका हुकमाशिवाय, एकाच वेळी चालल्या. सलाइनच्या नळीचे अमेरिकी आणि जर्मन जोड एकमेकांत बसत नव्हते. गंभीर भाजलेल्यांना घेऊन निघालेल्या एका बसला लुडविग्सहाफेनच्या रुग्णालयात पोचायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या नातेवाइकांच्या मनावरच्या आघातासाठी पुढे मानसोपचारांचे गट उभे राहिले, आणि जर्मनीत आपत्तीनंतरच्या मानसिक मदतीचा विचार या घटनेपासून गंभीरपणे होऊ लागला.

तीन लाख लोक एका जागी बोलावणे हाच एक स्वतंत्र धोका असतो, हे आपल्याकडेही दिसले आहे. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय हवाई दलाची प्रात्यक्षिके निर्विघ्न पार पडली, विमानांना काही झाले नाही, आणि तरी कडक ऊन व गर्दी यांमुळे त्या दिवशी पाच जण दगावले.

नंतर बदलले ते काय

पश्चिम जर्मनीने हवाई कसरतींच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. सुमारे तीन वर्षांनी ती उठली तेव्हा प्रेक्षकांपासूनचे अंतर, उंची आणि दिशा यांच्या अटी पूर्वीपेक्षा पुष्कळ कडक होत्या. फ्रेच्चे त्रिकोलोरी पथक बरखास्त झाले नाही. त्याने कार्यक्रमात बदल केले आणि दहा विमानांनिशी ते उडत राहिले. युरोपातील इतर देशांनीही हळूहळू तीच दिशा धरली. प्रात्यक्षिकांची मुख्य रेषा प्रेक्षकांना समांतर. गर्दीच्या मागून डोक्यावरून येणे बहुतेक बंद किंवा फक्त सरळ, उंचावरच्या आणि कसरत नसलेल्या उड्डाणापुरते. आकृती विखुरते तेव्हा विमाने गर्दीपासून दूर जाणारी.

याचा परिणाम आकृतींच्या सौंदर्यावर झाला, हे मान्य केले पाहिजे. थेट आपल्याकडे झेपावणारे विमान पाहण्याचा जो थरकाप होता, तो गेला. त्याऐवजी पथकांनी रुंदी वापरायला सुरुवात केली. धुराचे मोठे पट, एकामागून एक उघडणारे पंखे, आडव्या रेषेवर समोरासमोर होणाऱ्या भेटी. इंजिनाच्या झोतात तेल सोडून केलेला हा धूर पूर्वी सजावट होता, आता तो आकृतीचा अर्धा भार उचलतो, कारण दूर असलेले विमान लहान दिसते आणि धुराची रेघ मोठी. काही जुन्या प्रेक्षकांना हे सपक वाटते. मला तसे वाटत नाही; नऊ विमाने एका श्वासात वळतात ते पाहण्यासाठी ती अंगावर यावी लागत नाहीत.

भारतातले उदाहरण घ्यायचे तर मुंबईचे घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचे कार्यक्रम झाले तेव्हा प्रेक्षक कठड्यापाशी होते आणि सूर्यकिरणची हॉक विमाने समोरच्या समुद्रावर. प्रात्यक्षिक रेषा आखायला याहून सोयीची जागा शहरात मिळणे कठीण, कारण तिथे काही तुटून पडलेच तर खाली बहुतांशी पाणी असते. सराव मात्र नेहमी अशा जागी होत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूच्या येलहंका येथे एरो इंडियाच्या आदल्या दिवशी सूर्यकिरणची दोन हॉक विमाने सरावात आदळली, विंग कमांडर साहिल गांधी गेले आणि दोन वैमानिक आसनासकट बाहेर पडून वाचले. विमाने वस्तीलगतच्या मोकळ्या जागेत पडली.

समांतर रेषेचा नियम ज्यांचे रक्षण करतो ते प्रेक्षक मोजलेले असतात, त्यांची जागा आखलेली असते. आखणीबाहेरच्या माणसांचे काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये २२ ऑगस्ट २०१५ रोजी पुढे आला. शोरहॅमच्या कार्यक्रमात एक जुने हंटर लूप पूर्ण करताना खाली राहिले आणि विमानतळाबाहेरच्या ए-२७ रस्त्यावर कोसळले. कुंपणाच्या आतल्या प्रेक्षकांपैकी कोणी मेले नाही. रस्त्यावर असलेले अकरा जण मेले. वैमानिक वाचला. त्यानंतर तिथे प्रात्यक्षिकांच्या परवान्यात प्रेक्षकांबरोबरच आजूबाजूचे रस्ते, घरे आणि फुकट पाहणाऱ्यांच्या ठरलेल्या जागा यांचाही हिशेब कडकपणे होऊ लागला. फार्नबरोच्या धावपट्टीभोवती आता दाट वस्ती आहे. १९५८ मध्ये जिथे बावीस हंटरांनी एकत्र लूप काढली होती, तिथे २०१६ च्या प्रदर्शनात रेड ॲरोजने पूर्ण कार्यक्रम केला नाही. फक्त सरळ उड्डाण करून ते निघून गेले.